माझ्या हातचा स्टार्टर

तिसरा स्टार्टर जळला तेव्हा अण्णांनी तो माझ्या बाकड्यावर आदळला. ठेवला नाही, आदळला. चहाचा कप उडाला, स्क्रूंची वाटी सांडली आणि गॅरेजमधली सगळी डोकी माझ्याकडे वळली.

"घे," ते म्हणाले. "तुझं लेकरू परत आलं."

अण्णा म्हणजे माझे वडील, आणि गॅरेज त्यांचं. इंजिनाचं काम ते बघतात, विजेचं मी. गाडीचे दिवे, वायरिंग, डायनामो, स्टार्टर सगळं माझ्याकडे. गिऱ्हाइकं मला वायरवाली म्हणतात आणि मला ते आवडतं. जळलेला स्टार्टर उघडायचा, काळी पडलेली तार सोलून काढायची, नवी गुंडाळायची, हे मी शाळा सुटल्यापासून करतेय. माझ्या हातचा स्टार्टर परत आला असं कधी झालं नव्हतं. आता झालं होतं, एकदा नाही, तीनदा. आणि तेही कुणा परक्याच्या गाडीत नाही, अण्णांच्या स्वतःच्या गाडीत.

ती हिरवी गाडी वयाने माझ्यापेक्षा मोठी आहे. दिवसभर गॅरेजच्या दारात उभी असते. अण्णा म्हणतात, ती आपली पाटी आहे, जाणाऱ्या-येणाऱ्याने बघावं की जुनी गाडी कशी ठेवतात. आता या पाटीला चार माणसं धक्का मारत होती आणि समोरचा न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच सोडून मजा बघायला बाहेर येत होता.

"अण्णा, दोष स्टार्टरमध्ये नाहीये," मी म्हणाले.

ते पाठ फिरवून चालले होते. मी पुन्हा हाक मारली. मग ओरडले, "अहो, मी बोलतेय ना तुमच्याशी!" त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोठा माणूस चुकीचा असला तरी चालतो, पण निदान ऐकून तरी घ्यावं की नाही!

तेवढ्यात मास्तर आले. शाळेतून निवृत्त झालेला साधा माणूस, आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या गाडीचा स्टार्टर माझ्या फळीवर पडला होता, बांधायला आलेला. त्यांनी बाकड्यावरचा जळका ऐवज बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि आपला स्टार्टर हळूच उचलून काखेत घेतला.

"राहू दे बाळ, घाई नाही काही," ते म्हणाले. "तुमच्या घरचं एकदा निस्तरू दे."

ते प्रेमाने बोलले म्हणून जास्त झोंबलं. शिवी दिली असती तर मी परत दिली असती.

आणि या सगळ्यात तोंडावर हसू घेऊन उभा कोण, तर पावडर. पावडर हा माझा चुलतभाऊ. चेहऱ्याला पावडर थापल्याशिवाय गॅरेजमध्ये पाऊल टाकत नाही, म्हणून सगळे त्याला तेच म्हणतात. कानामागून आला आणि तिखट झाला. त्याचं म्हणणं असं, की आजकाल स्टार्टर बांधत कोण बसतं? तयार खोका आणायचा, जुना फेकायचा, नवा लावायचा. हे करायला कारागीर लागतो का? लागत नाही, आणि तेच तर त्याला हवं होतं.

"काका, मी कधीचा सांगतोय," तो अण्णांच्या समोर जाऊन म्हणाला. "हाताने गुंडाळलेल्या तारेचा आता भरवसा नाही."

अण्णांनी मान हलवली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सोमवारपासून विजेचं काम हा बघेल. तू बाकडं रिकामं कर."

"आणि मी काय करू?"

"फोन घे. गिऱ्हाइकांशी गोड बोल."

गिऱ्हाइकांशी गोड बोल! मला! ज्या माणसाने मला हे काम सुचवलं तो मला ओळखतच नव्हता, आणि तो माझा बाप होता.

तो शुक्रवार होता. बाकड्याला घट्ट धरून मी थोडा वेळ उभी राहिले. ते बाकडं माझं आहे. त्याच्या एका कोपऱ्यात माझ्या कोपराने खळगा पडलाय. ते गेलं तर माझ्या हातात फोन राहणार आणि नावावर राहणार हे तीन जळके स्टार्टर. मी ठरवलं, सोमवारच्या आत चोर पकडायचा. मग तो वायरीत असो, किल्लीत असो, नाहीतर आणखी कुठे.

मी जळका स्टार्टर उघडला. नुसती जळकी तार बघून कपाळाला हात लावणारे पुष्कळ असतात, पण तार कशी जळलीय ते बघावं लागतं. बॅटरी मरायला टेकलेली असली, नाहीतर वायरी सैल असल्या, तर स्टार्टरला इंजिन ओढता ओढत नाही. तो ताणून ताणून भाजतो आणि तार सगळीकडून सारखी काळी पडते. इथे तसं नव्हतं. इथे तारेचे वळसे जागा सोडून बाहेर फेकले गेले होते. पुढचं दातेरी चाक, जे इंजिनाला फिरवतं, ते तापून निळं पडलं होतं. म्हणजे याला कुणी थकवलं नव्हतं, याला फरफटत नेलं होतं.

असं एकाच कारणाने होतं. इंजिन सुरू झालं की किल्ली सोडायची, मग स्टार्टर बाजूला होतो. नाही सोडली, तर सुरू झालेलं इंजिनच त्या बिचाऱ्याला गरागरा फिरवतं. सोसतो तो थोडा वेळ, मग चिंध्या होतात त्याच्या.

आता किल्ली आपोआप अडकून राहत होती का? पहिल्या वेळी मी बॅटरी, अर्थिंगची वायर, इंजिनाच्या चाकाचे दाते सगळं तपासलं होतं. दुसऱ्या वेळी किल्लीचा स्विचच नवा घातला होता. पुन्हा एकदा बसून तो फिरवून बघितला. सोडला की टुणकन जागेवर येत होता. गाडीत चोर नव्हता. राहता राहिला किल्ली फिरवणारा हात, आणि माझी तपासणी सोडली तर ती किल्ली अण्णा कुणाला लावू देत नाहीत.

हे मी त्यांना सांगायला गेले. समोर उभी राहिले, जळकं चाक दाखवलं, म्हणाले, "इंजिन सुरू झाल्यावरसुद्धा तुम्ही किल्ली धरून ठेवताय."

त्यांचा चेहरा लाल झाला. "मी? मला गाडी सुरू करता येत नाही? अगं, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून लोक माझ्या कानावर गाड्या सोडून जातात! नाचता येईना अंगण वाकडं!"

कानाचं खरं होतं. अण्णांचा कान म्हणजे आमच्या गॅरेजची खरी पाटी. चालू इंजिनाला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची, आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं. वर्षभरापासून तर मूठ कानाला लावत नाहीत, दातात धरतात. डोळे मिटतात आणि सांगतात, आणि बरोबर सांगतात. लोक म्हणतात, काय पोचलेला माणूस आहे! पावडरनेसुद्धा स्क्रूड्रायव्हर चावायला सुरुवात केली होती. त्याला डोंबल कळत नव्हतं, पण चावत होता.

मग मी तरी काय बोलणार? ज्याला मिटल्या डोळ्यांनी इंजिनाच्या पोटातलं कळतं, त्याला इंजिन सुरू झालेलं कळत नाही, असं म्हणायचं? मी चाक घेऊन परत फिरले. पण मनातून हटले नाही.

शनिवारी मी चौथा स्टार्टर बांधला. इतका राग घेऊन काम मी कधी केलं नव्हतं आणि इतकं चांगलंही कधी केलं नव्हतं. एकेक वळसा असा घट्ट बसवला की नख शिरणार नाही. वार्निश दोनदा पाजलं. गाडीत बसवला, स्वतः सुरू करून बघितला, तर पोरासारखा एका हाकेत उठला.

रविवारी गॅरेज बंद असतं, पण अण्णा सकाळी येऊन गाडी पुसतात आणि एक फेरी मारून आणतात. मी त्यांच्या आधी जाऊन समोर न्हाव्याच्या दुकानात बसले.

"केस कापायचेत?" न्हाव्याने विचारलं.

"नाही. बापावर पाळत ठेवायचीय."

"मग बसा," तो म्हणाला आणि वस्तरा पुसायला लागला.

अण्णा गाडीत बसले. काच खाली होती. त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन लगेच सुरू झालं, मला इकडे ऐकू आलं. आणि मग तो आवाज आला. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा, कानात घुसणारा, किंचाळणारा. माझा स्टार्टर ओरडत होता. रस्त्याकडेचं कुत्रं उठून पळालं. न्हाव्याने कानात बोटं घातली.

"रोजचंच आहे हे," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, जुनी गाडी, तिचा आवाजच असा. तुम्ही आत कॉम्प्रेसर लावून बसता, तुम्हाला कुठून ऐकू येणार?"

मी अण्णांकडे बघत होते. त्यांचा चेहरा शांत होता. मान जराशी कलती, डोळे समोर, हात किल्लीवर तसाच. ते वाट बघत होते. सगळ्या गल्लीला ऐकू येत होतं आणि ते इंजिन सुरू व्हायची वाट बघत होते.

मी धावत सुटले आणि बॉनेटवर दोन्ही हात आपटले. ते दचकले, किल्ली सुटली, किंचाळी थांबली.

"बॉनेट फोडतेस काय?" ते ओरडले. मग डॅशबोर्डकडे बघितलं, स्टिअरिंगवर तळहात ठेवला, आणि काही झालंच नाही असं दाखवत गाडी गिअरमध्ये टाकून निघून गेले. मी रस्त्यात उभी. त्यांची पाठ, माझ्या हाका, न वळलेली मान, दातात धरलेला स्क्रूड्रायव्हर, सगळं एकदम डोक्यात येऊन आदळलं. आणि मग आठवली आई.

आई महिनाभर मावशीकडे होती. मावशीचा पाय मोडला होता. पहिला स्टार्टर जळला तो आई गेली त्याच आठवड्यात. त्याआधी ती रोज अण्णांच्या शेजारी बसून यायची, बाजाराजवळ उतरायची, संध्याकाळी गॅरेजवर येऊन त्यांच्याबरोबरच परत जायची. आणि गाडी सुरू झाली की तिचा हात अण्णांच्या गुडघ्यावर असायचा. मागच्या सीटवर बसून मी कितीदा चिडवलं होतं, "या वयात काय हे, आई!" ती नुसती हसायची. ती गेल्यापासून मी पायीच येत-जात होते.

मी तशीच मावशीकडे गेले. आई स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. मी चप्पलसुद्धा काढली नाही.

"गुडघा दाबत होतीस ना त्यांचा? गाडी सुरू झाली की?"

तिने फडकं खाली ठेवलं. खोटं बोलायचा तिने विचार केला, मला दिसलं ते. मग म्हणाली, "हळू बोल. मावशी झोपलीय."

"किती दिवसांपासून?"

"झालं असेल वर्ष. बारीक आवाज आधी गेले. आता समोर बघितल्याशिवाय माणसाचं बोलणं कळत नाही. दातांतून हाडाला कळतं म्हणतात ते, म्हणून इंजिनाचं अजून निभतंय."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"कुणालाच नाही सांगितलं. लोक त्यांच्या कानासाठी येतात गं. झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडली की संपलं सगळं."

"आणि माझे हात?" मी ओरडले. मावशी उठली तर उठू दे. "फोनवर रोज सांगत होते तुला, स्टार्टर जळतायत, अण्णा मला सगळ्यांसमोर बोलतायत. तुला माहीत होतं का जळतायत ते! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तू तिकडे बसून 'शांत राहा, शांत राहा' म्हणत होतीस!"

तिने पुसलेलं एक भांडं फळीवर ठेवलं. मग जे बोलली ते ऐकून मला तिच्या समोरची सगळी भांडी फोडावीशी वाटली.

"तू सोसशील असं वाटलं," ती म्हणाली. "ते नाही सोसू शकणार."

म्हणजे मी मजबूत म्हणून माझ्यावर टाकायचं. घरात जो ओरडतो त्याला लागत नाही असा यांचा हिशोब. मी दाराकडे वळले. ती मागून म्हणाली, "उद्या चारचौघांत काही बोलू नकोस. हात जोडते." मी दार आपटून गेले. मावशी उठली.

सोमवारी सकाळी पावडर आपले खोके घेऊन हजर. माझ्या बाकड्यावर, त्या खळग्यावर त्याने पहिला खोका ठेवला. मास्तरही होते, जुना स्टार्टर काखेत घेऊन; त्यांना नवा बसवून घ्यायचा होता. न्हावी दारात उभा. गिऱ्हाईक नसलं की तो असतोच.

"काका, आधी तुमच्या गाडीलाच नवा लावू," पावडर म्हणाला. "मुहूर्त होऊन जाईल."

"गाडी आत घेतो," अण्णा म्हणाले आणि बाहेर जाऊन गाडीत बसले.

मी त्यांच्या मागे गेले, पलीकडचं दार उघडलं आणि आईच्या जागेवर बसले. त्यांनी माझ्याकडे कपाळाला आठ्या घालून बघितलं, पण किल्ली फिरवली. इंजिन एका हाकेत उठलं. आता मी नुसती गप्प बसले असते तरी पुरे होतं. किंचाळी झाली असती, सगळ्यांनी ऐकली असती, आणि मी बोट दाखवलं असतं. रात्रभर मी हेच ठरवलं होतं. शपथेवर सांगते, तोंडापर्यंत राग भरलेला होता. आणि माझा हात गेला आणि त्यांचा गुडघा दाबला.

त्यांनी तत्काळ किल्ली सोडली. मग कळलं त्यांना, हा हात कुणाचा ते. ते हळूहळू माझ्याकडे वळले. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काम केलं, पण त्यांना घाबरलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

बाहेर पावडर मोठ्याने काहीतरी बोलला. मास्तर ओशाळं हसले. अण्णांनी त्यांचं हसणं बघितलं.

"काय म्हणाला तो?" त्यांनी मला विचारलं. अगदी हळू. असं त्यांनी मला कधीच विचारलं नव्हतं.

मी त्यांच्याकडे तोंड करून, एकेक शब्द तोडून सांगितलं. "म्हणाला, जाता जाता एक तरी बरा बांधला हिने."

अण्णा माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग माझा हात त्यांनी आपल्या गुडघ्यावरून उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाले, "उतर."

मी उतरले. इंजिन चालूच होतं. अण्णांनी किल्ली फिरवली आणि धरून ठेवली. वर ॲक्सिलरेटर दाबला.

आधी नुसता खरखराट झाला, मग किंचाळी फुटली. मास्तरांनी काखेतला स्टार्टर टाकून कान झाकले. पावडर ओरडत होता, "काका, सोडा! किल्ली सोडा!" मीसुद्धा ओरडत होते. अण्णा समोर बघत बसले होते, ताठ, आणि किल्ली सोडत नव्हते. संपतच नव्हतं ते. किंचाळी चढत गेली, फाटली, खाली आली, पुन्हा चढली. शेवटी बॉनेटच्या फटीतून धूर आला, जळक्या वार्निशचा वास आला, आत काहीतरी कडाडलं, आणि मग फक्त इंजिनाचा आवाज उरला. अण्णांनी तेही बंद केलं.

ते उतरले. नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात बोलले. आता मला कळत होतं तो आवाज मोठा का असतो.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "वर्ष झालं. आधीचे तिन्ही मीच जाळले, मला अंदाज होता, तरी हिच्यावर ढकललं. चौथा तुमच्या डोळ्यांसमोर जाळला. हिच्या कामात खोट नाही. ज्याला माझ्या कानासाठी यायचं होतं तो उद्यापासून नाही आला तरी चालेल."

न्हावी पायाच्या बोटांकडे बघत होता. अण्णा आत गेले, पावडरचा खोका माझ्या बाकड्यावरून उचलून त्याच्या हातात दिला आणि पाने घेऊन परत बॉनेटकडे आले. मास्तरांनी खाली पडलेला आपला स्टार्टर उचलला, धूळ झटकली आणि गुपचूप माझ्या फळीवर नेऊन ठेवला.

मला त्या वेळी रडू यायला हवं होतं. आला राग. शनिवारचा अख्खा दिवस, दोनदा पाजलेलं वार्निश, नख शिरणार नाही असे वळसे! मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून ओरडले, "तोंडाने सांगता येत नव्हतं? जाळायला कशाला हवा होता? चांगला स्टार्टर होता तो!"

ते वाकून नट सोडवत राहिले. मी फेरी मारून त्यांच्या समोर गेले, बॉनेटखाली डोकं घातलं, आणि तेच पुन्हा बोलले, सावकाश, तोंडासमोर तोंड धरून.

अण्णांनी गरम स्टार्टर फडक्यात धरून बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला.

"चांगला होता," ते म्हणाले. "म्हणून तर जळायला एवढा वेळ लागला."